चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव मागा

काशीदच्या किनाऱ्यावर टपरी लावणारे घर असो की मुंबईच्या वस्तीत राहणारे, रक्तदाब आणि साखर दोन्हीकडे पोहोचली आहे. गोळी रोज लागते, बहुतेकांना जन्मभर लागते. म्हणून तिची किंमत हा भाकरीचा प्रश्न आहे.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. काशीदकरांसाठी मुरूडचे ग्रामीण रुग्णालय आणि अलिबागचे जिल्हा रुग्णालय त्यातच येतात. पण साठा संपला की ‘बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी हातात पडते. महात्मा जोतिराव फुले योजना मुख्यतः दाखल रुग्णांसाठी आहे. रोजच्या गोळीचा खर्च तिच्यात बसत नाही.

खरी गोम चिठ्ठीत आहे. डॉक्टरांनी कंपनीचे नाव लिहिले, तर त्याऐवजी तेच औषध असलेली दुसरी स्वस्त गोळी देण्याची मुभा औषध नियम दुकानदाराला देत नाहीत. ‘मेटफॉर्मिन’, ‘अ‍ॅम्लोडिपिन’ असे मूळ नाव लिहिले, तरच जनऔषधी केंद्राची वाट मोकळी होते. तिथली औषधे ५० ते ९० टक्के स्वस्त असल्याचे सरकारच सांगते.

मग सक्ती का नाही? हाथी समितीने १९७५ सालीच मूळ नावांचा आग्रह धरला होता. २०१६ मध्ये डॉक्टरांच्या आचारसंहितेत तसा नियम आला. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कारवाईच्या तरतुदीसह नवे नियम काढले. डॉक्टरांच्या संघटनांनी दर्जाचा प्रश्न उभा केला आणि त्याच महिन्यात ते नियम स्थगित झाले. दर्जाची शंका रास्त आहे. पण तिचे उत्तर औषधांची कडक तपासणी हे आहे. गरिबाने जास्त पैसे मोजणे हे नव्हे.

निदान सरकारी पैशाने चालणाऱ्या दवाखान्यात तरी मूळ नावाची सक्ती हवी, अशी आमची मागणी आहे.

तोवर आपण काय करायचे?

चिठ्ठी घेताना विचारा, ‘डॉक्टर, औषधाचे मूळ नाव लिहाल का?’ पाकिटावरील मूळ नाव आणि मिलिग्रॅम घरातल्या शिकणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या. दोन कंपन्यांची नावे वेगळी असली, तरी आतले औषध एकच असू शकते. दोन्ही गोळ्या घेतल्या तर दुप्पट मात्रा पोटात जाते. फिट्स किंवा थायरॉईडची गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका. आणि स्वस्त मिळाली नाही म्हणून कोणतीही गोळी मनाने बंद करू नका.

विचारणे हा आपला हक्क आहे. विहारातल्या पुढच्या बैठकीत प्रत्येकाने आपली चिठ्ठी सोबत आणावी; मूळ नावे एकत्र बसून वाचू.