समरकंद-बुखाऱ्याचा बाजार आणि कारागीर बाईचा हिशेब

आपल्या कार्यक्रमात आजवर आपण हळद, शेवया, शेळीपालन, बँकेचं कर्ज अशा विषयांवर बोललो. आज जरा लांबच्या बाजारात जाऊ या. देश आहे उझबेकिस्तान. दिल्लीहून विमानानं साधारण तीन तासांवर. ताश्कंद, समरकंद आणि बुखारा ही तिथली जुनी शहरं.

आमच्या प्रभागातल्या एका गटाच्या सचिव ताई आणि त्यांचे पती, निवृत्त गुरुजी, दोघं मिळून ग्रुप टूरनं तिकडे जाऊन आले. प्रभागाच्या बैठकीत ताईंनी सगळं सांगितलं, आम्ही खोदून खोदून विचारलं. तुम्ही म्हणाल, आपल्याला त्याचं काय? आपण पर्यटक असू किंवा नसू, आपण वस्तू तयार करून विकणाऱ्या बाया आहोत. आपल्या पापड-पिशव्यांसमोर उभं राहणारं गिऱ्हाईक काय बघतं, आणि त्याच्या खिशातला रुपया करणाऱ्या हातापर्यंत किती पोचतो, हे कळायला परक्या बाजाराचा फार उपयोग होतो.

आधी ही टूर म्हणजे काय ते समजून घेऊ. कंपनी पंचवीस-तीस जणांचा गट करते. विमान, हॉटेल, बस, गाइड, नाश्ता-जेवण, बघण्याच्या जागांची तिकिटं असं सगळं मिळून एक दर सांगते. जाहिरातीतला दर माणशी असतो, आणि एका खोलीत दोघं राहिली तरच तो लागू होतो. एकट्या बाईला वेगळी खोली हवी असेल तर जादा पैसे पडतात. म्हणून अशा सहलींना बहुतेक जोडपी दिसतात. पण मैत्रिणींनो, जोडी म्हणजे नवरा-बायकोच असं काही नाही. दोन बहिणी, नणंद-भावजय, गटातल्या दोघी मैत्रिणी एका खोलीत राहिल्या तरी दर तोच लागतो.

दरात काय नाही, हे आधी विचारायचं. टिप, स्वतःची खरेदी, कधी विमा, कधी दुपारचं जेवण बाहेर राहतं. आणखी एक गोष्ट. परदेश सहलीचे पैसे भरताना कंपनी त्यावर आगाऊ कर गोळा करून सरकारकडे जमा करते. तो ज्याच्या पॅन कार्डावर जमा होतो, त्याला आयकराचं विवरणपत्र भरून तो वळता करून घेता येतो किंवा परत मागता येतो. म्हणून पावती जपून ठेवायची. आणि पासपोर्ट प्रत्येकाचा वेगळा. छत्तीस पानी साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे. लग्नानंतर आडनाव बदललंच पाहिजे अशी त्याला अट नाही. ताईंनी पासपोर्ट स्वतःच्या पर्समध्ये ठेवला, आणि खर्चाचे थोडे पैसेही. ते पैसे गटाच्या व्याजातून आलेल्या वाट्याचे होते.

पहिला मुक्काम ताश्कंद. हे नाव आपल्या वडीलधाऱ्यांना चांगलं माहीत आहे. भारत-पाकिस्तान युद्धानंतर १० जानेवारी १९६६ रोजी इथेच करार झाला आणि त्याच रात्री पंतप्रधान लालबहादूर शास्त्री इथेच वारले. शहरात त्यांच्या नावाचा रस्ता आणि पुतळा आहे. गुरुजींनी तिथे हात जोडले.

ताश्कंदचा मोठा बाजार म्हणजे चोरसू. चोरसू म्हणजे चव्हाटा, चार वाटा मिळतात ती जागा. मोठ्या निळ्या घुमटाखाली बाजार भरतो. ताईंना भाषा येत नव्हती, पण शब्द कानाला ओळखीचे लागले. बाजाराला बोझोर, दुकानाला दुकॉन, तराजूला तारोझी, हिशेबाला हिसोब. फारसी भाषेतले हे शब्द एका वाटेनं तिकडे गेले, दुसऱ्या वाटेनं आपल्याकडे आले. एक गंमत मात्र लक्षात ठेवा. तिथे सब्जी मागितली तर हातात गाजरं येतात!

याच बाजारात काही बायका गाजराची तिखट-आंबट कोशिंबीर विकतात. या बायका कोरियन वंशाच्या. १९३७ साली स्टालिननं सोव्हिएत देशाच्या पूर्व टोकाला राहणाऱ्या कोरियन लोकांना आगगाडीत घालून जबरदस्तीनं इकडे आणून सोडलं. त्यांच्या लोणच्याला लागणारी कोबी इथे मिळेना. मग त्यांनी गाजराचा किस घेतला, त्याला लसूण, धणे, मिरची, व्हिनेगर लावलं. गावाकडचं सगळं सुटलं, हातचं कसब तेवढं बरोबर आलं. आज तो पदार्थ त्या देशात घराघरात खातात.

ताश्कंदहून समरकंदला वेगवान रेल्वे साधारण दोन तासांत नेते. तिथला रेगिस्तान चौक जगप्रसिद्ध आहे. तीन बाजूंना तीन मदरसे, म्हणजे जुन्या काळची विद्यापीठंच. पहिला उलुगबेग राजानं १४१७ ते १४२० मध्ये बांधला, बाकीचे दोन सतराव्या शतकातले. निळ्या-हिरव्या फरशांवरची नक्षी बघताना मान दुखते पण मन भरत नाही. विद्यार्थी राहायचे त्या खोल्यांत आता पर्यटकांसाठी दुकानं आहेत.

जवळच बीबी खानम मशीद आहे. तैमूरलंगानं १३९८ साली दिल्ली लुटली आणि पुढच्याच वर्षी हे बांधकाम काढलं. हिंदुस्थानातून नेलेले हत्ती आणि पाथरवट त्यावर राबवले, असं त्या काळच्या इतिहासकारांनी लिहून ठेवलं आहे. म्हणजे सोन्यानाण्याबरोबर कारागिराचे हातसुद्धा लुटून नेत. बांधणाऱ्या राजाचं नाव राहिलं, दगड घडवणाऱ्यांचं एकही राहिलं नाही. हे ऐकून आम्ही गप्प झालो. कारण नाव न राहणं आपल्यालाही नवीन नाही.

मशिदीला लागूनच सियोब बाजार आहे. तिथे गोल, जाड, चकाकणारे नान रचून ठेवलेले असतात. मधोमध टोचण्याच्या ठशानं नक्षी उमटवलेली. नान पालथा ठेवत नाहीत, तो अन्नाचा अपमान समजतात. तिथलं चलन सोम. आपल्या एका रुपयाला शंभराहून जास्त सोम मिळतात, त्यामुळे साध्या खरेदीलाही हजारांत मोजावं लागतं. ताईंनी वहीत छोटा कोष्टक लिहून ठेवला होता, दहा रुपयांचे किती, शंभराचे किती, पाचशेचे किती. शून्यं बघून घाबरायला झालं नाही.

मग बुखारा. इथे रस्ते जिथे एकमेकांना मिळतात तिथे सोळाव्या शतकात घुमटी बाजार बांधले. जाड विटांचे घुमट, बाहेर कितीही ऊन असलं तरी आत गारवा. प्रत्येक घुमट एकेका धंद्याचा. तोकी झरगरॉन सोनारांचा, तोकी तेलपाकफुरुशॉन टोप्या विकणाऱ्यांचा आणि तोकी सर्राफॉन सराफांचा. आपला सराफ हा शब्द तोच. या बाजारात हिंदुस्थानातले व्यापारीही असत. मुलतानकडचे सावकार तिथे राहून पैसे व्याजानं देत, आणि हिंदुस्थानातून कापड, नीळ तिकडे जाई.

बुखाऱ्यात एक मोठा हौद आहे, १६२० च्या सुमाराचा. त्याची एक दंतकथा गाइड लोक सांगतात. वजिराला हौद बांधायचा होता, पण मधे एका ज्यू विधवेचं घर होतं. ती विकायला तयार होईना. जबरदस्तीनं जागा घेता येत नाही, असा निवाडा धर्मपंडितांनी दिला. शेवटी ती म्हणाली, मला दुसरी जागा द्या आणि आमच्या लोकांना प्रार्थनास्थळ बांधायची परवानगी द्या, मग घर देते. तिची अट मान्य करावी लागली. दंतकथा खरी असो नसो, शेकडो वर्षं लोकांनी ती सांगितली. एका बाईनं आपली किंमत स्वतः सांगितली, हे लोकांना सांगण्याजोगं वाटलं.

आता येतो खरा हिशेब. बुखारा, समरकंद इथल्या बायकांची पिढ्यान्पिढ्यांची कला म्हणजे सुझनी. सुझन म्हणजे सुई. सुती कापडाच्या अरुंद पट्ट्या आधी कच्च्या टाक्यांनी जोडतात. जाणती बाई त्यावर नक्षी काढते, तिला कलमकश म्हणतात. मग पट्ट्या सुट्या करून घरातल्या बायकांमध्ये वाटतात. आई एक भरते, मावशी दुसरी, मुलगी तिसरी. शेवटी सगळ्या पुन्हा जोडतात. जोडावर फुलाची एक पाकळी जरा वर, एक जरा खाली जाते, रंगही थोडा बदलतो. तोच हाताच्या कामाचा पुरावा. नक्षीत डाळिंब असतं, बदाम असतो, आणि दृष्ट लागू नये म्हणून मिरचीसुद्धा असते! मोठ्या सुझनीला कित्येक महिने लागतात. पूर्वी ती मुलीच्या लग्नात द्यायची असे, आता पर्यटकांना विकतात.

ग्रुप टूरची बस एका मोठ्या दुकानापाशी थांबली. चहा मिळाला, सुकामेवा मिळाला, मग सुझन्या उलगडल्या. गुरुजींना किंमत ऐकून घाम फुटला. असे थांबे जगभरच्या टूरमध्ये असतात, आणि गिऱ्हाईक आणणाऱ्याला दुकानदारानं कमिशन देण्याची पद्धतही सगळीकडे आहे. समजा शंभर रुपयांची वस्तू आहे. वीस आणणाऱ्याचे, चाळीस दुकानाचं भाडं, दिवाबत्ती आणि नफ्याचे. राहिले चाळीस. त्यातून कापड आणि रेशीम वजा केलं की भरणारीच्या हातात काय उरलं? आकडे आम्ही समजण्यासाठी घेतले आहेत. पण प्रश्न खरा आहे.

ताईंनी तिथे काही घेतलं नाही. संध्याकाळी मोकळ्या वेळात दोघं घुमटाखाली गेली. तिथे एक बाई सुईकाम करत बसली होती. ताईंनी उशीचा अभ्रा उचलला आणि आधी पालथा केला. मशीनकाम असलं तर मागे बहुतेक एकाच रंगाचा दोरा एकसारखा दिसतो. हातकामात मागेही पुढचेच रंग, गाठी आणि थोडी वेडीवाकडी धाव दिसते. इथे गाठी होत्या. ताईंनी खुणेनं विचारलं, किती दिवस? तिनं तीन आठवडे दाखवले. गुरुजी म्हणाले, "अगं, अर्ध्या किमतीत माग." ताई म्हणाल्या, "आपल्या पिशव्या कोणी अर्ध्या किमतीत मागितल्या की मी घरी येऊन काय म्हणते, आठवा." थोडी घासाघीस झाली, कारण ती तिथली रीतच आहे. पण ताईंनी दिवस मोजून पैसे दिले. स्वतःच्या पर्समधून.

गिऱ्हाइकानं असं विचारल्यानं काय होतं? त्याच देशाचं एक उदाहरण आहे. उझबेकिस्तान कापूस पिकवणारा देश. वर्षानुवर्षं तिथे वेचणीच्या हंगामात सरकार शिक्षिका, परिचारिका, विद्यार्थी यांनाही सक्तीनं शेतात पाठवी. कापूस वेचून बोटं कशी फाटतात, हे आपल्याला सांगायला नको. जगभरच्या संघटनांनी कापड कंपन्यांना सांगितलं, हा कापूस घेऊ नका. शेकडो कंपन्यांनी ऐकलं, सरकारनंही धोरण बदललं. सरकारी सक्ती थांबल्यावर २०२२ मध्ये तो बहिष्कार मागे घेतला गेला. माल कोणी आणि कसा काढला, हे विचारणारं गिऱ्हाईक असलं तर फरक पडतो.

आणि एक गोष्ट ऐकून आम्ही सगळ्याच हसलो. तिथल्या बायकांचीही भिशी असते! तिला गॅप म्हणतात, म्हणजे बोलणं. आपल्या गप्पांचीच बहीण. शेजारणी, नातलग, वर्गमैत्रिणी महिन्याला एकीच्या घरी जमतात. ठरलेली रक्कम काढतात, ज्या घरी जमल्या तिला सगळी मिळते. ती जेवण घालते. त्यातून कोणाचं लग्न निघतं, कोणी घरात वस्तू घेते. आपणही भिशीतूनच बचत गटाकडे आलो. भिशीत पैसा फिरतो, गटात तो साठतो, कर्ज म्हणून मिळतो आणि बँकेत आपली पत होते. एवढा फरक.

मैत्रिणींनो, वेरूळ-अजिंठ्याला, पैठणला अशाच बसगाड्या येतात. आपलं सामान जत्रेत, प्रदर्शनात जातं, तिथेही गिऱ्हाईक वस्तू हातात घेऊन "एवढे?" म्हणतं. म्हणून पुढच्या बैठकीत एवढं करा. गटाची एक वस्तू मधे ठेवा. कच्चा माल किती, किती जणींचे किती तास, वाहतूक किती, दुसऱ्यानं विकली तर त्याचं कमिशन किती, हे वहीत मांडा. तासांचे पैसे लावायला विसरू नका, आपण तेच विसरतो. मग चिठ्ठीवर लिहा: गटाचं नाव, गाव, हातानं केलेलं, लागलेले दिवस. विक्री करताना वस्तू उलटून दाखवा, गाठी लपवू नका.

आणि आपण खरेदीला जाऊ तेव्हा, मग ते बुखारा असो की तालुक्याचा आठवडी बाजार, टोपली विणणारीला आणि मडकं घडवणाऱ्याला आधी विचारू, "किती दिवस लागले?" भाव त्यानंतर करू.

तुमच्या गटानं हिशेब मांडला की आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात त्यातले काही वाचून दाखवू.