ठेका आपला, शब्द आपले!

दोस्तांनो, एक प्रश्न विचारतो. २०२४ साली 'गुलाबी साडी' हे गाणे आले. त्या वर्षी तुमच्या गावातल्या एखाद्या तरी वरातीत, नाहीतर शाळेच्या स्नेहसंमेलनात ते वाजले असणारच! मराठीचा एक शब्दही न कळणाऱ्या लोकांनीसुद्धा त्यावर ताल धरला आणि आपापल्या मोबाईलवर त्याच्या चित्रफिती काढल्या. पण हे गाणे करणारा गडी कुठला, ठाऊक आहे?

आपल्या खानदेशातला, जळगाव जिल्ह्यातला! त्याचे नाव संजू राठोड. गाणे त्याने स्वतःच लिहिले आणि स्वतःच गायले. संगीताच्या बाजूला साथ मिळाली ती भावाची, गौरवची. हा गौरव 'जी-स्पार्क' या नावाने ओळखला जातो. 'गुलाबी साडी'च्या आधीही या भावांनी गाणी केली होती. ती काही सगळीच अशी गाजली नव्हती. पण म्हणून त्यांनी काम थांबवले नाही. २०२५ साली त्यांचे 'शेकी' आले, तेही खूप गाजले.

संजूच्या गाण्यात मध्येच तो ठेक्यावर भराभर बोलल्यासारखा गातो, ते ऐकलेत ना? त्याला म्हणतात रॅप. आणि रॅप ज्या मोठ्या घरातले, त्या घराचे नाव हिपहॉप. हे घर उभे कसे राहिले, ती गोष्ट मोठी मजेदार आहे.

बहिणीला हवे होते नवे कपडे

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात ब्राँक्स नावाचा भाग आहे. १९७०च्या सुमारास तिथे गरिबी फार. पडकी घरे, बेकार तरुण, सगळीकडे निराशा. तिथे सिंडी कॅम्पबेल नावाची एक मुलगी राहत होती. शाळा सुरू होणार होती आणि तिला नवे कपडे हवे होते, पण हातात पैसे नव्हते. तिने काय करावे? इमारतीतच गाण्याचा जलसा ठेवला! तारीख होती ११ ऑगस्ट १९७३. तिकीट मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट. आणि गाण्याच्या तबकड्या वाजवायला बसवले आपल्याच भावाला. हा भाऊ जमैकाहून आलेला, वय १८. पुढे जग त्याला डीजे कूल हर्क म्हणून ओळखू लागले.

हर्कच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. गाण्यात मध्येच एक जागा येते, जिथे गायक थांबतो आणि नुसता ढोलाचा ठेका चालू राहतो. नेमक्या त्याच जागेवर पोरे बेभान होऊन नाचतात. पण ती जागा असते काही सेकंदांची. मग त्याने युक्ती केली. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेतल्या. एकीवरचा ठेका संपत आला, की दुसरीवर तोच ठेका सुरू! तोवर पहिली मागे फिरवून ठेवायची. झाले, ठेका संपेचना! त्या ठेक्यावर मग कुणी यमके जुळवून बोलू लागले. त्यातूनच पुढे रॅप वाढले.

बघा हं, वाद्ये विकत घ्यायला पैसे नव्हते. कुणा उस्तादाकडे शिकायची सोय नव्हती. तरी त्यांचे अडले नाही. हाताशी जे होते, त्यातून त्यांनी आपले गाणे उभे केले.

हे वारे आपल्याकडेही आले. मुंबईतल्या कुर्ल्याच्या नावेद शेखने, म्हणजेच नेझीने, २०१४ साली 'आफत' हे गाणे केले, तेही घरातल्या एका आयपॅडवर! त्याच्या आणि डिव्हाईन या दुसऱ्या रॅपरच्या आयुष्यावरून सुचलेला 'गली बॉय' हा सिनेमा २०१९ साली निघाला. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर मराठीतून रॅप करतो. त्याने आपले नाव कसे लिहिले आहे माहीत आहे? आधी १०० हा आकडा आणि पुढे आरबीएच ही इंग्रजी अक्षरे. शंभर म्हणजे 'सौ', आणि पुढची अक्षरे 'रभ'. झाला की नाही 'सौरभ'!

पण थांबा, हे आपल्याकडे आधीही होतेच!

एकसारखा फिरणारा ठेका, त्यावर मनातले शब्द, आणि तेही आपल्याच घरच्या बोलीत. ही वस्तू अमेरिकेतूनच यावी लागली का? मुळीच नाही. संजू राठोडच्या जळगाव जिल्ह्यातच, आणि ब्राँक्सच्या त्या जलशाच्या कितीतरी आधी, एक बाई हेच करत होती. तिची तबकडी मात्र दगडाची होती. ओळखलेत ना? तिची तबकडी म्हणजे जाते, आणि ती म्हणजे बहिणाबाई चौधरी.

बहिणाबाईंचा जन्म १८८० सालचा, जळगावजवळच्या आसोदे गावचा. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावला चौधरींच्या घरी आल्या. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते, लिहिता-वाचता येत नव्हते. पुढे वैधव्य आले, मुलांची जबाबदारी आली. पहाटे दळण, मग शेत, मग पुन्हा चूल. दिवस असा कामात बुडालेला. पण एका हाताने खुंटा फिरतो आहे, दुसऱ्या हाताने वैरणीची मूठ जात्यात पडते आहे, आणि त्या घरघरीवर ओठांतून ओवी चालली आहे. जाते थांबेपर्यंत ठेका थांबत नाही. हर्कला दोन तबकड्या लागल्या, बहिणाबाईंना एकच पुरली!

आणि विषय कुठले? शेत, पेरणी, पक्ष्याचे घरटे, सासर-माहेर, माणसाचे मन. जे रोज डोळ्यांपुढे होते, तेच. भाषासुद्धा घरचीच, खानदेशी आणि लेवा गणबोली. 'पुस्तकात असे शब्द चालतील का?' असा विचार करत त्या बसल्या नाहीत. त्यांना कुणाला दाखवायचे नव्हतेच मुळी. गाणे आतून येत होते, म्हणून त्या गात होत्या.

मग ही गाणी आपल्यापर्यंत पोचली कशी? त्यांचे चिरंजीव सोपानदेव हे पुढे नावाजलेले कवी झाले. असे सांगतात, की शाळकरी वयात सोपानदेवांनी एकदा आईला पुस्तकातली सावित्री-सत्यवानाची गोष्ट वाचून दाखवली. सकाळी बघतात तो आईने त्या गोष्टीचे गाणे रचून ठेवलेले! तेव्हापासून ते आईची गाणी वहीत उतरवू लागले. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली. हे अस्सल सोने आहे, हे अत्र्यांनी क्षणात ओळखले. १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली. आणि गंमत पाहा, जी बाई कधी शाळेत गेली नाही, तिचे नाव २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला देण्यात आले!

पण एक गोष्ट मनाला लागते. जी गाणी वहीत उतरली, ती राहिली. जी उतरली नाहीत, ती पिठाबरोबर उडून गेली. किती होती, कशी होती, आता कुणीच सांगू शकणार नाही.

'शे' म्हटले म्हणून कुणी हसते का?

आता जरा मनापासून बोलू. धुळ्याच्या पाचकंदील बाजारात जा. 'कथा जास?' असा प्रश्न कानी पडेल. म्हणजे 'कुठे जातोस?' अहिराणीत 'आहे'ला म्हणतात 'शे', आणि मुलगा म्हणजे 'आंडोर'. धुळे, नंदुरबार, जळगाव आणि नाशिक जिल्ह्याचा काही भाग, एवढ्या मोठ्या मुलखात ही बोली चालते. पण तोच आंडोर वर्गात उभा राहून चुकून 'शे' म्हणाला, की मागच्या बाकावर खसखस पिकते. तो लाल होतो, खाली बसतो. पुढच्या वेळी त्याला उत्तर येत असते, तरी हात वर करत नाही.

खरे सांगा, तुमच्याही वर्गात असे झाले आहे ना? हसणाऱ्यांत तुम्ही होतात, की लाल होणाऱ्यांत?

शाळेत प्रमाण मराठी शिकायचीच, पेपर तिच्यातच लिहायचा. पण म्हणून घरची बोली दाराबाहेर चपलांबरोबर काढून ठेवायची नसते. बहिणाबाईंनी तसे केले असते, तर आज काय उरले असते? रॅप करणारी पोरेही हेच सांगतात. मी जिथला आहे, तिथल्यासारखाच बोलणार. स्वतंत्र कलावंत म्हणतात तो हाच.

आई-बाबांसाठी दोन शब्द

आई-बाबा म्हणतील, 'अहो, पण त्या रॅपमध्ये शिव्या किती असतात!' असतात, खोटे कशाला बोला? सगळेच रॅप मुलांनी ऐकावे असे नाही. पण तेवढ्यासाठी सगळ्यावर काट मारू नका. मुलांच्या शेजारी बसून एखादे गाणे ऐका आणि विचारा, 'यातले तुला काय आवडले?' उत्तर ऐकून तुम्हालाच नवल वाटेल.

आणि मुलांनो, तुम्हीही एक ध्यानात ठेवा. पूर्वी गाणे लोकांपर्यंत न्यायचे, तर कंपनीच्या दारात उभे राहावे लागे. आता मोबाईलवर गाणे करता येते, तिथूनच ते जगाला ऐकवता येते. स्वातंत्र्य मिळाले खरे, पण 'हे अजून कच्चे आहे, पुन्हा कर' असे सांगणारे माणूस राहिले नाही. ते आपले आपल्यालाच सांगावे लागते. ज्याला ते जमते, तो पुढे जातो. दुसऱ्याच्या गाण्याची नक्कल करून चार दिवस टाळ्या मिळतील, पण पाचव्या दिवशी लोक मूळ गाणेच ऐकतील.

चला, करून बघा!

बहिणाबाईंच्या पुष्कळ गाण्यांत एका ओळीत आठ अक्षरे येतात. जोडाक्षर एकच धरायचे. रॅपचा ठेका असतो चार मात्रांचा. दोन-दोन अक्षरांना एक टाळी द्या, आठ अक्षरे चार टाळ्यांत बरोबर बसतात. हे घ्या, मी जुळवलेले म्हणून बघा:

एस्टी आली फाट्यावर
गण्या पळे वाटेवर
तोंडामधे अर्धी पोळी
झोप त्याची डोळ्यावर

जमले? हसू नका, बहिणाबाईंच्या पासंगालाही हे पुरणार नाही! आता तुम्ही चार ओळी करा. विषय शोधायला लांब जाऊ नका. केळीची बाग, भरीत, उन्हाळ्यातले जळगावचे ऊन, नाहीतर तुमच्या गल्लीतले क्रिकेट, काहीही चालेल. घरात अहिराणी बोलत असाल, तर अहिराणीत. पहिल्या चार ओळी वाईट होतील, खुशाल होऊ द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा चार करा.

आणि आणखी एक काम. अमळनेरच्या शाळेत शिकवणारे साने गुरुजी आठवतात ना? त्यांनी बायकांच्या तोंडच्या ओव्या गोळा करून 'स्त्रीजीवन' या पुस्तकात जपून ठेवल्या. तुमच्या घरीही आजी असेल, शेजारी एखादी म्हातारी मावशी असेल. तिला विचारा, 'आजी, जात्यावर काय म्हणायचीस गं?' ती आधी लाजेल, 'आता कुठं आठवतंय' म्हणेल. तुम्ही हट्ट सोडू नका. मोबाईलमध्ये तिचा आवाज भरून घ्या, शब्द वहीत उतरवा आणि कोपऱ्यात तिचे नाव, गाव आणि तारीख लिहा.

सोपानदेवांजवळ फक्त एक वही होती. तुमच्याजवळ तर वही आहे, मोबाईलही आहे. मग आज शाळेतून घरी गेल्यावर आजीजवळ बसणार ना?