द्राक्षं बंदरावर अडली!

मुलांनो, सांगली जिल्ह्यातल्या तासगावची द्राक्षं पार युरोपात जातात, ठाऊक आहे ना? पण २०१० साली भारतातून गेलेली बरीच द्राक्षं तिथल्या बंदरांवरच अडकली. कारण होतं क्लोरमेक्वाट. वेलीचा शेंडा थांबावा, घड चांगले निघावेत म्हणून हे औषध फवारतात. तेव्हा युरोपची मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. म्हणजे वीस टन द्राक्षांत जेमतेम एक ग्रॅम!

निर्यातीच्या बागेची नोंद होते, तोडणीआधी नमुना प्रयोगशाळेत जातो. तेव्हाही जात होता. पण तपासायच्या रसायनांच्या यादीत हे नावच नव्हतं! मग बागायतदाराला कळणार कसं? नंतर ते नाव यादीत आलं; तोवर कित्येकांचं वर्षभराचं पीक मातीमोल झालं होतं.