पडद्यावर खलनायक, प्रत्यक्षात पाठीराखा

माझा भाचा बारावी झाला आणि व्यायामशाळेत रमला. अंग भरलं, खांदे रुंद झाले. मागच्या महिन्यात दस्तरखानावर बसलेलो असताना त्याने विषय काढला, "मामू, मला बॉडीगार्ड व्हायचंय. नाहीतर फिल्ममध्ये फायटर." त्याचे अब्बा काही बोलले नाहीत, नुसते जेवत राहिले. आपा मात्र माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मारामारीच करायची होती, तर एवढं शिकवलं कशाला?"

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. नंतर मी त्याला एका माणसाबद्दल सांगितलं. त्या माणसाने ही दोन्ही कामं आयुष्यभर केली आणि दोन्हींत नाव कमावलं. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी असा एखादा मुलगा असेल, म्हणून ती हकीकत इथे देत आहे.

चेहरा ओळखीचा, नाव अनोळखी

जॅकी चॅनचा 'मिस्टर नाइस गाय' हा १९९७ चा चित्रपट मुलांनी पाहिला असेल. त्यात जॅकी टीव्हीवरचा आचारी असतो आणि उंची सूट घातलेला एक गोरा गुंड त्याच्या मागे लागतो. शेवटी हा गुंड जॅकीच्या हातांना दोर बांधून त्याला यथेच्छ मारतो आणि मग जॅकी खाणीतला अजस्र ट्रक त्याच्या बंगल्यात घुसवतो. त्या गुंडाचं काम करणारा नट म्हणजे ऑस्ट्रेलियाचा रिचर्ड नॉर्टन. त्याच्याच मेलबर्न शहरात या चित्रपटाचं चित्रीकरण झालं होतं.

नॉर्टनचा जन्म १९५० चा. लहानपणी त्याने ज्युडोपासून सुरुवात केली, नंतर तो गोजू-रियू कराटेकडे वळला. विशीच्या आतच त्याला ब्लॅक बेल्ट मिळाला. १९७० मध्ये बॉब जोन्स या सहकाऱ्यासोबत त्याने 'झेन डो काय' नावाची स्वतःची पद्धत सुरू केली. पण केवळ क्लास घेऊन घर चालत नव्हतं. म्हणून ही मंडळी मेलबर्नच्या नाइट क्लबांच्या दारात उभी राहू लागली. आज आपण ज्याला बाउन्सर म्हणतो, तेच काम.

स्टेजकडे पाठ

दारात उभं राहता राहता पुढची वाट सापडली. १९७३ मध्ये रोलिंग स्टोन्स हा इंग्लंडचा गाजलेला वाद्यवृंद ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर आला, तेव्हा कलाकारांच्या राखणीसाठी जोन्स आणि नॉर्टन यांना बोलावलं गेलं. पुढे अॅबा, डेव्हिड बोवी, फ्लीटवूड मॅक, जेम्स टेलर अशा नामवंतांसोबत नॉर्टनने काम केलं. गायिका लिंडा रॉनस्टॅटच्या संरक्षणाच्या कामासाठी १९७९ च्या सुमारास तो अमेरिकेला गेला.

अंगरक्षक म्हटलं की काळा चष्मा आणि फुगलेले दंड आठवतात. प्रत्यक्षातलं काम वेगळं असतं. कलाकार येण्याआधी जागा पाहून ठेवायची, बाहेर पडायच्या वाटा किती, गाडी कुठे उभी राहणार, गर्दी कुठून लोटेल हे ठरवून ठेवायचं. कार्यक्रम सुरू झाला की हजारो माणसं स्टेजकडे बघतात, अंगरक्षक मात्र स्टेजकडे पाठ करून माणसांकडे बघतो. चेहऱ्यांपेक्षा हातांवर लक्ष ठेवतो, कारण इजा हातानेच होते. कुणी अंगावर आलं तर त्याला लोळवत बसायचं नसतं. सोबतच्या माणसाला तिथून आधी बाहेर काढायचं असतं. अंगरक्षक भांडणात गुंतला, तर ज्याची राखण करायची तो माणूस उघडा पडतो.

म्हणजे ज्या रात्री काहीच घडलं नाही, ती रात्र यशाची. तिचे फोटो निघत नाहीत आणि टाळ्याही मिळत नाहीत. परक्याचा जीव ही आपल्याकडे सोपवलेली अमानत असते. ती सांभाळणाऱ्याला राग आवरता आला नाही, तर त्याचे दंड कितीही मोठे असोत, तो निरुपयोगीच.

हरण्याची कला

चक नॉरिस या अमेरिकन कराटे विजेत्याशी नॉर्टनची ओळख ऑस्ट्रेलियातच झाली होती. त्याच ओळखीतून 'द ऑक्टॅगॉन' (१९८०) हा पहिला मोठा चित्रपट मिळाला. त्यात नॉर्टन होता निंजाच्या मुखवट्याआड! पहिल्याच मोठ्या कामात चेहरा झाकलेला, पण चपळाई लोकांच्या नजरेत भरली.

मग हाँगकाँगचं बोलावणं आलं. सामो हंगसोबत 'ट्विंकल ट्विंकल लकी स्टार्स' (१९८५), जॅकी चॅनसोबत 'सिटी हंटर' (१९९३), सिंथिया रॉथरॉकसोबत 'चायना ओ'ब्रायन' आणि आणखी कितीतरी. बहुतेक वेळा भूमिका खलनायकाची आणि शेवट ठरलेला : मार खाणं.

हे मार खाणं सोपं नसतं. अमेरिकन पद्धतीत ठोसा अंगापासून अंतर राखून जातो आणि कॅमेऱ्याचा कोन ते अंतर लपवतो. हाँगकाँगच्या त्या काळातल्या चित्रपटांत मात्र फटका अनेकदा खरोखर अंगाला लागे, दृश्य लांबलचक असे आणि मनासारखं होईपर्यंत पुन्हा पुन्हा घेतलं जाई. समोरच्याला लागेल पण मोडणार नाही, असा फटका द्यायचा आणि घ्यायचा. नायक शूर दिसतो, तो त्याच्यासमोर नीट पडणारा कुणीतरी असतो म्हणून. नॉर्टनला ते उत्तम जमत असे. म्हणूनच इतके नायक त्याच्याशी लढायला तयार होत.

चाळिशीत पुन्हा पांढरा पट्टा

मला सगळ्यात मोलाची वाटली ती यापुढची गोष्ट. चाळिशी जवळ आली, नाव झालं, कराटेत वरचा दर्जा मिळाला. त्या वयात नॉर्टन ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकायला माचाडो बंधूंकडे गेला. ही जमिनीवरच्या झटापटीची विद्या, आपल्या कुस्तीच्या जवळची. तिथे त्याने नवख्याचा पांढरा पट्टा बांधला आणि वयाने लहान उस्तादाकडून धडे घेतले. वर्षानुवर्षं घासून अखेर जाँ जाक माचाडोंकडून ब्लॅक बेल्ट मिळवला.

आपल्याकडे कुस्तीच्या जागेला तालीम म्हणतात. तो मूळ अरबी शब्द, अर्थ शिक्षण. कोल्हापूरच्या मातीतला 'वस्ताद'ही आपल्या उस्तादाचंच रूप. पूर्वजांनी आखाड्याला शाळेचं नाव दिलं, यात बरंच काही आलं.

या शिकण्याचा नॉर्टनला उतारवयात उपयोग झाला. उड्या मारण्याचं वय सरलं, तेव्हा तो इतरांना लढाई शिकवू लागला. 'मॅड मॅक्स : फ्युरी रोड' (२०१५) मध्ये त्याने हाणामारीची आखणी केली आणि छोटी भूमिकाही केली. 'सुइसाइड स्क्वॉड'च्या (२०१६) मारामारीमागेही तोच होता. २०२४ च्या 'फ्युरियोसा'मध्येही तो दिसला. ३० मार्च २०२५ रोजी, वयाच्या ७५ व्या वर्षी त्याचं निधन झालं.

घरच्यांनी काय पाहावं

मुलगा या वाटेने जायचं म्हणत असेल, तर नुसतं 'नाही' म्हणून भागत नाही. आपल्या देशात खासगी सुरक्षा संस्थांसाठी २००५ चा कायदा आहे. संस्थेकडे सरकारी परवाना हवा, रक्षक १८ वर्षं पूर्ण झालेला हवा, त्याच्या चारित्र्याची पडताळणी आणि ठरलेलं प्रशिक्षण झालेलं हवं. परवाना न दाखवणाऱ्या, 'उद्यापासून ये, काळा टी-शर्ट घाल' म्हणणाऱ्या ठेकेदाराकडे मुलाला पाठवू नका. पगार, कामाचे तास आणि इजा झाल्यास खर्च कोण करणार, हे आधीच विचारा. चित्रपटातल्या साहसी कामालाही हेच लागू.

आणि शिक्षण सोडू देऊ नका. शरीराची कमाई काही वर्षांची असते. नॉर्टन सत्तरी ओलांडूनही कामात राहिला, तो शिकत आणि शिकवत राहिला म्हणून.

भाच्याने सगळं ऐकून घेतलं. थोड्या वेळाने विचारलं, "मामू, एवढा ब्लॅक बेल्टवाला माणूस पांढरा पट्टा बांधून बसला, त्याला लाज नसेल वाटली?" मी म्हटलं, "वाटली असेल. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला ना!"

सध्या त्याने कॉलेजात प्रवेश घेतला आहे आणि संध्याकाळी ज्युडो शिकतो. पहिला महिनाभर त्याला फक्त पडायला शिकवत आहेत. आपा म्हणतात, हे बरं आहे.