व्हेंटिलेटरची सुरक्षितता यंत्रापाशी संपत नाही

भिलाई म्हटले की पोलाद आणि रेल्वेचे रूळ आठवतात. मात्र एप्रिल २०२१ मध्ये विदर्भातील रुग्णालयांसाठी भिलाई म्हणजे प्राणवायू होता. पोलाद शुद्ध करण्यासाठी प्राणवायू लागतो. त्यासाठी हवा अतिशीत करून उणे १८३ अंश सेल्सिअसला द्रवरूप होणारा हा वायू वेगळा केला जातो. करोनाच्या दुसऱ्या लाटेत भट्टीसाठीचा हाच वायू टँकरमधून अतिदक्षता विभागांकडे निघाला.

त्याच महिन्यात भिलाईच्या प्रॅक्सएअर प्रकल्पातून महाराष्ट्राला मिळणारा रोजचा ११० टनांचा पुरवठा केंद्राने ६० टनांवर आणला आणि प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. खंडपीठाने ११० टनांचा पुरवठा कायम ठेवण्याचा आदेश दिला. पन्नास टन द्रव प्राणवायूपासून सुमारे साडेतीन कोटी लिटर वायू मिळतो. मिनिटाला दहा लिटर लागणारा रुग्ण दिवसाला १४,४०० लिटर वापरतो. म्हणजे हा वाद जवळपास २,४०० रुग्णांच्या एका दिवसाच्या श्वासाचा होता.

व्हेंटिलेटर प्राणवायू निर्माण करीत नाही. मिळालेल्या वायूचे प्रमाण, दाब आणि वेळ तो नियंत्रित करतो. नळीतला दाब कोसळला की उत्तम यंत्रही निरुपयोगी ठरते. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात नेमके हेच घडले. प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, पुरवठा खंडित झाला आणि किमान २२ रुग्ण दगावले. दोष व्हेंटिलेटरमध्ये नव्हता.

दुसरा धडा मराठवाड्याने दिला. पीएम केअर्स निधीतून ५० हजार व्हेंटिलेटरसाठी दोन हजार कोटी रुपयांची तरतूद मे २०२० मध्ये जाहीर झाली होती. पुढल्या वर्षी औरंगाबादच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे आलेल्या १५० यंत्रांपैकी वापरात आणलेली ११३ यंत्रे सदोष असल्याचे आणि उरलेली ३७ खोक्यांतच असल्याचे उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर आले. केंद्राने यंत्रांची पाठराखण करीत हाताळणीकडे बोट दाखवले. दोषारोप करण्याऐवजी रुग्णांविषयी संवेदनशीलता दाखवावी, असे न्यायालयाने सुनावले. वाद कोणाच्या बाजूने सुटला, यापेक्षा एक गोष्ट महत्त्वाची आहे. यंत्राची खरेदी, त्याची उभारणी, चाचणी आणि चालवणाऱ्यांचे प्रशिक्षण या चार कामांची जबाबदारी एकाच ठिकाणी निश्चित केलेली नव्हती.

प्रशिक्षण ही केवळ औपचारिकता नाही. अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. तीव्र श्वसनविकाराच्या रुग्णांना दर श्वासाला प्रतिकिलो १२ ऐवजी सहा मिलिलिटर हवा दिल्यावर मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. बदलली होती ती फक्त मात्रा. हे वजनही काट्यावरचे नसते, उंचीवरून काढलेले असते. कारण माणूस लठ्ठ झाला म्हणून त्याचे फुफ्फुस मोठे होत नाही. १६५ सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाला या हिशेबाने सुमारे ३७० मिलिलिटर हवा पुरते. तो ९० किलोचा आहे म्हणून ५४० मिलिलिटर दिली, तर आजारी फुफ्फुस ताणले जाऊन त्याला इजा होते, आणि यंत्र मात्र बिनतक्रार चालू राहते.

उलट, यंत्र तक्रार करते तेव्हा ती ऐकणारा माणूस जवळ हवा. नळी निसटली, कफाने तुंबली, दाब घसरला, वीज गेली की धोक्याची घंटा वाजते. दिवसभर वाजणाऱ्या घंटांची कानांना सवय होते आणि थकलेले हात त्या बंद करू लागतात. म्हणूनच घंटा वाजताच आधी रुग्णाकडे आणि मग पडद्यावर पाहावे, हा नियम शिकवला जातो. कारण लगेच सापडले नाही, तर रुग्णाला यंत्रावरून काढून खाटेशेजारच्या अंबू पिशवीने हाताने श्वास द्यायचा असतो. ती पिशवी कुलूपबंद कपाटात असेल, तर तिचा उपयोग नाही.

संसदेने २०२१ मध्येच सहयोगी आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि श्वसन तंत्रज्ञांना त्यात स्थान दिले. आता ती मान्यता पदभरतीत दिसायला हवी. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात तिन्ही पाळ्यांना व्हेंटिलेटर जाणणारी परिचारिका किंवा तंत्रज्ञ, प्राणवायूच्या दाबाची सतत नोंद, भरलेले राखीव सिलिंडर आणि मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण होणारा देखभालीचा करार, एवढी मागणी अवाजवी नाही. महासाथीत सरकारांनी यंत्रे मोजली. पुढचे संकट येण्यापूर्वी ती चालवू शकणारी माणसे मोजली पाहिजेत आणि ती संख्या जिल्हावार जाहीर केली पाहिजे.