बंद पडलेला आयपॉड आणि आजींच्या ओव्या



आमच्या गटातल्या आजींच्या जात्यावरच्या ओव्या आम्ही कॅसेटवर भरून घेतल्या होत्या. पुढे आजी गेल्या. फीत खराब व्हायला लागली, तेव्हा त्या ओव्या कॉम्प्युटरवर एमपीथ्री करून एका जुन्या आयपॉड क्लासिकमध्ये ठेवल्या. नंतर कॅसेटही गेली आणि कॉम्प्युटरही. उरला तेवढा आयपॉड. आणि परवा नवी गाणी चढवताना आम्हीच घाईत मधे वायर ओढली! पडद्यावर फोल्डरचं चित्र आणि उद्गारचिन्ह. दुकानदार म्हणाले, "ताई, आता हे टाकून द्या."

आयपॉड 2001 साली आला आणि 2022 मध्ये कंपनीने तो बनवणं थांबवलं. पण बंद पडलेला प्रत्येक आयपॉड मेलेला नसतो. आयपॉड क्लासिकच्या आत एक छोटी फिरती डिस्क असते. तिच्यावर गाणी असतात आणि यंत्र चालवणारी आज्ञावलीही असते. तिला फर्मवेअर म्हणतात. घरात डबे भरलेले आहेत, पण कुठल्या डब्यात काय ते सांगणारी बाईच आजारी पडली, तसं हे होतं.

फर्मवेअर पुन्हा बसवता येतं, त्याला 'रिस्टोअर' म्हणतात. पण सावधान! रिस्टोअर केलं की आतली सगळी गाणी पुसली जातात. म्हणून आधी गाणी बाहेर काढायची, मग दुरुस्ती.

आम्ही काय केलं ते क्रमाने सांगतो. आधी आयपॉड भरपूर चार्ज केला. वरचं होल्डचं बटण एकदा सरकवून परत आणलं. मग 'मेन्यू' आणि मधलं बटण एकदम दाबून धरलं. सफरचंदाचं चित्र आल्याबरोबर ती सोडून मधलं आणि 'प्ले'चं बटण दाबून धरलं. पडद्यावर 'डिस्क मोड' अशी अक्षरं आली. आता कॉम्प्युटरला तो पेनड्राइव्हसारखा दिसू लागला.

गाण्यांचं फोल्डर लपलेलं असतं. कॉम्प्युटरवर लपलेल्या फाइल दाखवण्याची सोय चालू केली, तेव्हा 'आयपॉड कंट्रोल' आणि त्यात 'म्युझिक' सापडलं. फाइलींची नावं चार-चार अक्षरांची, काहीच्या काही. घाबरू नका, खरं नाव फाइलच्या पोटात असतं. आम्ही ते सगळं फोल्डर दोन ठिकाणी उतरवून घेतलं. कॉम्प्युटरने "फॉरमॅट करू का?" असं विचारलं, तर मात्र 'नाही' म्हणा. आयपॉड मॅकवर तयार केलेला असेल तर विंडोज त्याला वाचू शकत नाही. अशा वेळी तो मॅकला लावून पाहा.

मग इंटरनेट चालू ठेवून आयट्यून्स उघडलं आणि 'रिस्टोअर' दाबलं. काम पुरं होईपर्यंत वायरला कुणी हात लावला नाही. या वेळी नाहीच! आयपॉड कोरा होऊन उठला. उतरवलेल्या फाइली आयट्यून्समध्ये टाकल्या, तशी आम्ही पूर्वी लिहिलेली नावं परत दिसली.

पडद्यावर रडका चेहरा दिसला किंवा आतून टकटक आवाज आला, तर बहुधा डिस्कच बिघडलेली असते. तिथे रिस्टोअर चालत नाही. बटणं दाबत बसू नका, जाणकाराकडे न्या.

त्या संध्याकाळी आजींचा आवाज ऐकताना कुणी काही बोललं नाही. मैत्रिणींनो, आपल्या माणसांचा आवाज एकाच ठिकाणी ठेवू नका. आजच दुसरी प्रत करा.