‘कूल’ शब्दाची कुळकथा

संस्कृतात ‘कूल’ म्हणजे नदीचा काठ. काठास धरून जाणारे ते अनुकूल आणि काठाविरुद्ध जाणारे ते प्रतिकूल, ही व्युत्पत्ती आम्ही वर्गात अनेक वर्षे शिकविली. हल्ली घरोघरी ऐकू येणारा ‘कूल’ मात्र या काठावरचा नव्हे. तो इंग्रजी, मूळ अर्थ थंड. परंतु नातवंडांच्या तोंडी तो छान, ठीक, समजले, हरकत नाही अशा इतक्या अर्थांनी येतो की, वडील मंडळी गोंधळून जातात. यास्तव त्याची कुळकथा वाचकांपुढे ठेवीत आहोत.

थंडपणावरून शांतपणा, हा लक्षणेचा प्रवास जुनाच आहे. शेक्सपिअरने ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’ या नाटकात हे विशेषण विवेकबुद्धीस लाविले आहे. स्वागतास लाविले की त्याचा अर्थ स्नेहशून्य होतो. एखाद्याच्या वागण्यास लाविले की निगरगट्ट. मौज अशी की, इंग्रजांनी ते पैशासही लाविले! फील्डिंगच्या ‘टॉम जोन्स’ कादंबरीत (1749) एक जुगारी ‘कूल’ शंभर हरतो. डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मध्ये (1860-61) जो नावाचा भोळा लोहार, कोणास मृत्युपत्राने ‘कूल’ चार हजार पौंड मिळाले, असे मोठ्या चवीने सांगतो आणि रकमेस हे तापमान कोठून आले, याचे निवेदकास कोडे पडते. येथे अर्थ एवढाच की, रक्कम थोडीथोडकी नव्हे, चांगली घसघशीत.

‘उत्तम’ हा आजचा अर्थ अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाच्या बोलीतून आला. झोरा नील हर्स्टन या लेखिकेच्या 1933 सालच्या एका कथेत तो आढळतो. पुढे जॅझ वादकांनी तो जगभर नेला. चार्ली पार्करने 1947 मध्ये ‘कूल ब्लूज’ ध्वनिमुद्रित केले; माइल्स डेव्हिसची 1949-50 मधील वादने 1957 साली ‘बर्थ ऑफ द कूल’ या नावाने एकत्र निघाली. रॉबर्ट फॅरिस थॉम्पसन या अभ्यासकाने 1973 मध्ये या कल्पनेचा धागा आफ्रिकेपर्यंत नेला. पश्चिम आफ्रिकेतील योरुबा भाषेत ‘इतुतू’ म्हणजे शीतलता, आणि हाच शब्द मनाच्या अविचल, सौम्य वृत्तीसही लावितात. आपल्या स्थितप्रज्ञाची येथे आठवण व्हावी, यात नवल नाही.

थंड मुलखात ऊब म्हणजे माया. वृत्तपत्रांतील ‘उबदार स्वागत’ तिकडूनच आले. आमच्या उन्हाच्या देशात लेकरू दिसताच आईचे डोळे निवतात, जिवास थंडावा वाटतो. तथापि, ‘तो अगदी थंड आहे’ असे म्हटले की तो मंद ठरतो. ‘गार पडला’ म्हटले की कार्यभाग आटोपला! तेव्हा एका शब्दास अनेक तोंडे असणे हा काही इंग्रजीचाच दोष नव्हे.

पण या अनेक तोंडांमुळे घरात खरे दुःखही होते. आमच्या परिचयाच्या एका आजोबांनी, डोळ्याची शस्त्रक्रिया गुरुवारी ठरल्याचे नातवास सांगितले. नातू ‘कूल’ म्हणाला. आपल्या दुखण्याचे पोरास काहीच नाही, असे वाटून आजोबा दोन दिवस अबोल राहिले. नातवाच्या मनात होते, ‘ठीक, काळजी नको’. त्याने तर गुरुवारची रजाही काढून ठेविली होती. ती रजा उच्चारात नव्हती, म्हणून ऐकू आली नाही.

‘आय अ‍ॅम कूल’ म्हणजे प्रसंगी ‘मला नको’; ‘वी आर कूल’ म्हणजे ‘आपल्यात राग नाही’; ‘लूज युवर कूल’ म्हणजे ‘तोल सुटणे’. अर्थ शब्दात थोडा आणि प्रसंगात फार. म्हणून वडिलांनी रागावण्यापूर्वी ‘म्हणजे काय रे?’ एवढे विचारावे. तरुणांस आमचे सांगणे वेगळे आहे. गाण्यास फक्कड, युक्तीस नामी, अक्षरास सुरेख, भाजीस चविष्ट, ही आपल्या घरची संपत्ती. सर्वत्र एकच नाणे चालविले तर बाकीची गंजतील. मित्रांत ‘कूल’ खुशाल म्हणावे; परंतु आजोबांच्या डोळ्यांची गोष्ट असेल तेव्हा ‘मी येतो बरोबर’ हे तीन शब्द खर्चावेत. घरास अनुकूल ते तेच होत.